शिर्डी, स्वस्तिक आणि सेल्फ-हीलिंग

आपल्याकडे नवी गाडी घेतली, की ती सगळ्यात आधी कुठे जाते? ऑफिसला? लाँग ड्राइव्हला? छे! ती जाते शिर्डीला. शोरूममध्ये चावीचा तो भलामोठा पुठ्ठ्याचा कटआउट हातात धरून फोटो काढायचा, सोसायटीत पेढे वाटायचे आणि पहिल्याच वीकएण्डला गाडी बाबांच्या पायांशी घालून आणायची. मुंबई, पुणे, नाशिक... तुम्ही कुठूनही या, शिर्डीच्या पार्किंगमध्ये झेंडूचा हार घातलेली आणि सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली एखादी तरी कोरी करकरीत गाडी दिसणारच.

हा झाला जुना नियम. आता त्याच्या आधी एक नवा नियम आलाय. शोरूममधून निघालेली गाडी शिर्डीच्याही आधी डिटेलिंग स्टुडिओत जाते आणि तिथे तिला नखशिखांत एक पारदर्शक फिल्म चढवतात. पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे शॉर्टमध्ये पीपीएफ. मोबाइलला स्क्रीनगार्ड, तसं हे गाडीला. फरक एवढाच, की स्क्रीनगार्ड शे-दोनशेत येतो आणि पूर्ण गाडीच्या चांगल्या फिल्मचं बिल आरामात लाखाच्या वर जातं.

आता हे दोन्ही नियम आमनेसामने येतात कुठे? बॉनेटवर! एका हातात हळद-कुंकवाची डबी, दुसऱ्या हातात मायक्रोफायबरचं फडकं. आमच्या घरात ही मॅच झाली तेव्हा मी मागच्या सीटवर होते. म्हणजे पत्रकार म्हणून एकदम मोक्याच्या जागी.

पार्टीज् आधी समजून घ्या. दादा आयटीतला. गाडी पांढरी, लोन सात वर्षांचं. पांढऱ्या गाडीला पारदर्शक फिल्म लावलीय हे बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही, म्हणून दादा ते स्वतःच सगळ्यांना सांगतो. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी लाल डब्यांची इंजिनं उघडली आणि दर दसऱ्याला त्याच डब्यांना हार घालून, कपाळावर हळद-कुंकू लावून नारळ फोडला. ‘फिल्म’ हा शब्द ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘पोलीस नाही का पकडणार?’ त्यांचंही बरोबरच होतं. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली होती ती काचांवरच्या काळ्या फिल्मवर. ही रंगावरची, आरपार दिसणारी. हिचा त्याच्याशी संबंध नाही, हे समजावण्यात अख्खा एक चहा गेला.

निघायच्या आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज आला. एक : हार बॉनेटवर सेलोटेपने चिकटवायचा नाही. दोन : नारळ बंपरवर फोडायचा नाही. तीन : हळद-कुंकू लावायचं नाही, फिल्मला डाग पडतो. चार : उदी आत डॅशबोर्डवर ठेवायची, गाडीला फासायची नाही. थोडक्यात काय, तर पूजा करायची, पण गाडीला हात लावायचा नाही! बाबांनी मेसेज वाचला. उत्तर म्हणून अंगठा पाठवला. आमच्या बाबांना ओळखणाऱ्या कुणालाही त्या अंगठ्याचा अर्थ विचारा...

ठाण्याहून आता शिर्डी म्हणजे काहीच नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. भिवंडीजवळ आमण्याला चढा, इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा पार करा आणि थेट कोपरगावच्या बाजूला उतरा. पण ताशी १२० च्या स्पीडला दादाच्या गाडीने वाटेत जे काही गोळा केलं, ते बघण्यासारखं होतं. नंबर प्लेटभोवती चिरडलेले किडे. पुढच्या ट्रकने उडवलेली बारीक खडी, टक्क, टक्क. खाली उतरल्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. ऊसतोडणीचे दिवस होते. या पट्ट्यात साखर कारखान्यांची काय कमी! लोणीचा प्रवरेचा सहकारी कारखाना तर आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलोय. हंगामात रस्त्यावर पाचट, चिखल, चिपाडं आणि हवेत बॉयलरची काजळी. प्रत्येक ‘टक्क’ला दादा दचकायचा आणि बाबा म्हणायचे, ‘अरे, फिल्म आहे ना?’

फिल्म होतीच, आणि ती तिचं काम करत होती. या फिल्मचा जन्मच मुळी दगडधोंडे झेलायला झालाय. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खड्यांपासून वाचवायला असली फिल्म वापरली गेली. तिथून ती रेसिंगच्या गाड्यांवर आली आणि तिथून आपल्या पार्किंगमध्ये. मटेरियल पॉलीयुरेथेन, म्हणजे रबरासारखं ताणणारं. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. कंपनीतून गाडीवर जो रंग येतो, त्याचे सगळे थर मिळूनही साधारण १०० ते १५० मायक्रॉनच भरतात. म्हणजे अंगापेक्षा अंगरखा जाड! वर एक पातळ थर असतो, त्यावरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतात. यालाच म्हणतात सेल्फ-हीलिंग. हां, किल्लीने खोल खरवडलेलं मात्र ऊन भरून देत नाही.

शिर्डीत दर्शन छान झालं. बाहेर आलो. हार घेतला, नारळ घेतला, चार लिंबं घेतली. बाबांनी खिशातून स्टीलची छोटी डबी काढली. आईने घरून निघताना भरून दिलेली, हळद एका कप्प्यात, कुंकू दुसऱ्या कप्प्यात. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा काही बोलला नाही, फक्त बॉनेटच्या पुढे जाऊन उभा राहिला. बाबांनी डबी परत खिशात घातली आणि म्हणाले, ‘तुझी गाडी. तू म्हणशील तसं.’

एवढंच. आवाज चढला नाही, वाद झाला नाही. पण बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना गंध लावणाऱ्या माणसाने पोराच्या पहिल्या गाडीपुढून हात मागे घेतला होता. आई विनाकारण पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. आणि मला वाटलं, हा लाखाचा अंगरखा आपण गाडीला नक्की कुणापासून वाचवायला घातलाय?

मग मी माझ्या धंद्याला शोभेल ते केलं. सरळ फोन लावला. दादाच्या गाडीला फिल्म लावणाऱ्यालाच. पलीकडून तो हसायलाच लागला. ‘मॅडम, नवी गाडी म्हटल्यावर स्वस्तिक येणारच. बिनधास्त काढा. डागाचं टेन्शन नाही, वेळेचं आहे. फक्त आठवडाभर तसंच ठेवू नका. आज काढलंत, तर उद्या सकाळी धुऊन टाका.’ फोन स्पीकरवर होता. दादा बॉनेटसमोरून बाजूला झाला.

बाबांनी हळद भिजवली. अनामिकेने एक नेटकं स्वस्तिक काढलं, त्यावर कुंकवाची बोटं टेकवली. हार टेप न लावता नुसता बॉनेटवर ठेवला आणि आरतीनंतर उचलला. झेंडूची ओली फुलं उन्हात तशीच पडून राहिली तर केशरी ठसा सोडतात, आणि टेप ओढताना फिल्मची कडा उचकटू शकते. नारळ दादाने स्वतः कडेच्या दगडावर फोडला. नारळाचं पाणी गोडसर, चिकट. बंपरवर सुकलं की धूळ धरून बसतं. लिंबं चाकांखाली चिरडली. त्यांना फिल्मवाल्यांची काहीच हरकत नाही.

खरा ड्रामा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. आम्ही उतरलो होतो तिथल्या पार्किंगमधला एक पोरगा भलताच मदतीला तत्पर. आम्ही खाली पोहोचायच्या आत बादलीत कपड्यांची पावडर घोळवून त्याने स्वस्तिकावर मारली. आणि पिवळी हळद आमच्या डोळ्यांदेखत लालभडक झाली! बॉनेटवरून लाल ओघळ. दादाचा चेहरा फिल्मपेक्षा पारदर्शक.

पण शाळेतली सायन्सची प्रयोगवही आठवा. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल होतो ना? तेच. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी रीत याच तत्त्वावर चालते. लाल झालं म्हणजे फिल्म जळली नाही, फक्त साबण जहाल होता. आम्ही नुसतं भरपूर पाणी ओतलं, लाल ओसरून परत पिवळं दिसायला लागलं. मग पाण्यात कार शाम्पू, तोही पीएच न्यूट्रल. त्यात मायक्रोफायबर भिजवून पाच-दहा मिनिटं डागावर नुसतं पसरून ठेवलं. घासायचं नाही, हे महत्त्वाचं. कुंकवाचा आणि उदीचा कण रखरखीत असतो, कोरडा घासला की पॉलिशपेपरच. म्हणून आधी पाण्याने वाहवायचा, मग टिपायचा.

कुंकू गेलं. हळदीची फिकट सावली राहिली. त्याचंही कारण सोपं आहे. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. फिल्मवाल्याचा सल्ला होता, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तेवढंच पाणी मिसळा, फडक्यावर घेऊन डागापुरतं टिपा आणि लगेच धुऊन टाका. ते मेडिकलमधून आणायला दादा निघालाच होता, तेवढ्यात आई म्हणाली, ‘अरे, हळदीचा डाग आहे. दोन दिवस उन्हात राहू दे. साडीवरचा जातो तसा जाईल.’

दादाने जरा दुर्लक्षच केलं. पण अल्कोहोलने राहिलेली शेवटची पिवळसर झाक चार दिवस ऑफिसच्या ओपन पार्किंगमध्ये उभं राहून गेली. कर्क्युमिन प्रकाशात मोडतं. त्या शास्त्राचं नाव आईला माहीत नव्हतं, इतकंच.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, सगळं छान झालं, विषय संपला. नाही! परतल्यावर मी या फिल्मच्या देखभालीची माहिती काढत बसले, दोन-चार डिटेलिंगवाल्यांशी बोलले. तेव्हा कळलं, की दादाचा पहारा चुकीच्या दारावर होता. हळद-कुंकू आयुष्यात एकदा, फार तर वर्षातून एकदा दसऱ्याला. रोजचा शत्रू वेगळाच आहे. सोसायटीत पहाटे गाड्या पुसल्या जातात, आठवा. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर घासली जाते. त्यातले केसाएवढे ओरखडे फिल्म उन्हात भरून काढेल, पण रोज रोज किती भरणार? ज्या दादाने बाबांचं बोट अडवलं, त्याच दादाच्या गाडीवर रोज सकाळी हे फडकं फिरत होतं. महिन्याचे पैसे देऊन!

तर मंडळी, फंडा क्लिअर करून घ्या. तुमच्याकडे फिल्मवाली गाडी असेल किंवा तुम्ही लावायच्या विचारात असाल, तर एवढं पुरे.

फिल्म नवीन असताना साधारण आठवडाभर गाडी धुवायची नाही. खालचा गोंद बसायला वेळ लागतो. आत पाण्याचे छोटे फुगे दिसले तर घाबरू नका, ते काही दिवसांत आपोआप वाळतात. नखाने किंवा सुईने टोचायला जाऊ नका. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा धुवा. सावलीत, बॉनेट थंड असताना. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहवा, मग दोन बादल्या : एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. वरून खाली या, चाकं आणि खालचा चिखल शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. प्रेशर पंप मारायचा तर दोन-तीन फुटांवरून, पसरट धारेने. फिल्मच्या कडेवर सरळ धार मारली, की ती कडा उचलणार हे नक्की. कडेला काळी रेघ धरली असेल तर शाम्पूत बुडवलेला मऊ टूथब्रश हळूच फिरवा.

धुतल्यावर लगेच टिपून कोरडी करा. बोअरचं खारं पाणी आपल्याकडे सगळीकडेच आहे. ते बॉनेटवर वाळलं की पांढरे गोल ठिपके राहतात. पडलेच, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून टिपा आणि धुऊन टाका. पक्ष्यांची घाण आणि महामार्गावरचे किडे शक्यतो त्याच दिवशी काढा, ते आम्लधर्मी असतात आणि उन्हात फिल्ममध्ये मुरतात. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं की सुटतात. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांना फिल्मच्या आसपासही फिरकू देऊ नका. रबिंग कंपाउंडही नको, त्याने फिल्मचा वरचा थरच घासला जातो. आणि कुणी ‘कोटिंग आणि फिल्म एकच’ असं सांगितलं तर हसून सोडून द्या. सिरॅमिक कोटिंग हे अगदी पातळ लेपन असतं. त्याने पाणी छान ओघळतं, पण खडी अडत नाही.

आणखी एक. पिवळेपणा दोन प्रकारचा असतो. एखाद्याच जागी असेल तर तो डाग, निघू शकतो. अख्खं बॉनेट एकसारखं पिवळट दिसायला लागलं, तर ते फिल्मचं वय किंवा तिची क्वालिटी. ते कुठल्याच शाम्पूने निघत नाही. स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म लवकर पिवळी पडते, हे घेतानाच विचारा.

हे सगळं मी दादाला पाठवलं. तो वाचत होता तेव्हा बाबा शेजारी होते. दोन बादल्यांपाशी आल्यावर ते म्हणाले, ‘यात नवीन काय? वर्कशॉपमध्ये आम्ही पार्ट धुवायचो तेव्हा घाणीचा डबा वेगळा आणि चांगला वेगळाच असायचा. मळक्या फडक्याने बेअरिंग पुसलं तर आमचा चार्जमन शिव्या घालायचा.’

दादाने दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या गाडी पुसणाऱ्याला सांगितलं, आमची गाडी नको, तुझे पैसे मात्र चालू. आता दर रविवारी सकाळी खाली दोन बादल्या जातात. बाबा शाम्पू मोजून घालतात, दादा पाणी मारतो. कडेची काळी रेघ बाबांना चष्म्याशिवाय दिसते, दादाला चष्म्यातूनही दिसत नाही. हेडलाइटच्या कडेला फिल्म केसभर उचललेली त्यांनीच पहिल्यांदा पकडली आणि ती वेळेत परत बसवून घेतली. तशीच राहिली असती तर आत धूळ-पाणी शिरून तो तुकडाच बदलावा लागला असता. मधल्या काळात खडीच्या दोन खुणा मोजल्या. दोन्ही फिल्मवर. रंगापर्यंत एकही पोहोचली नाही.

मला विचाराल तर फिल्म लावावी का? महामार्गावर फिरणं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर जरूर लावा. पण ती आहे झेलण्यासाठी, हे विसरू नका. मार खाणं हीच तिची नोकरी आहे. घरातल्या माणसांचे हात तिच्यापासून लांब ठेवायचे असतील, तर गाडी शोरूममध्येच बरी होती.

आणि कितीही जपलीत, तरी ती कायमची नाहीच. चांगली फिल्मसुद्धा पाच-दहा वर्षांत बदलायची वेळ येते. गरम हवेने मऊ करून, हळूहळू सोलून काढतात. परवा हे बाबांना सांगत होते. त्यांनी हातातलं फडकं पिळलं, नीट झटकलं आणि विचारलं,

‘सोलल्यावर खाली काय निघणार?’

‘नवी कोरी गाडी. शोरूममधून आली तश्शी.’

‘म्हणजे,’ बाबा म्हणाले, ‘परत शिर्डी.’